क्रूस, क्रॉस आणि एक हरवलेला शब्द

गेल्या उपवासकाळात एका रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही फळ्यावर खडूने दोन रेघा ओढल्या, एक उभी आणि एक आडवी, व मुलांना विचारले, ‘हे काय आहे?’ तिसऱ्या इयत्तेतील एक चुणचुणीत मुलगा तत्परतेने म्हणाला, ‘फादर, अधिकचं चिन्ह!’ आम्ही उभी रेघ खाली थोडी वाढविली. मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘ॲम्ब्युलन्स!’ आम्ही थोडे हताश होऊन त्याच दोन रेघा तिरप्या काढल्या, तेव्हा सारा वर्ग एकमुखाने ओरडला, ‘चूक!’ शेवटी एका मुलीला आमची दया आली असावी. ती म्हणाली, ‘फादर, क्रॉस!’

उत्तर बरोबर होते. तरी वर्ग सुटल्यावर आमच्या मनात एक रुखरुख राहिली. ‘क्रूस’ हा शब्द एकाही मुलाच्या ओठांवर आला नव्हता. यात मुलांचा दोष नाही, कारण त्यांच्या कानांवर दिवसभर पडतो तो ‘क्रॉस’. शिक्षिका वहीत चुकीच्या उत्तरापुढे क्रॉस करते. बाबा बँकेत जाताना चेक क्रॉस करतात. आई रस्ता क्रॉस करताना हात धरते. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर गाडी तासभर उभी राहिली की डब्यात कोणीतरी म्हणतो, ‘क्रॉसिंग लागलंय.’ विधान परिषदेच्या निवडणुकीनंतर वर्तमानपत्रे ‘क्रॉस व्होटिंग’च्या बातम्या देतात, न्यायालयात साक्षीदाराचा ‘क्रॉस’ होतो, आणि पूर्वीच्या काळ्या टेलिफोनवर दोन अनोळखी माणसे एकमेकांच्या घरगुती गोष्टी ऐकू लागली की त्याला आपण ‘क्रॉस कनेक्शन’ म्हणत असू. ज्या शब्दाने आम्ही धर्मगुरू प्रभूच्या मरणाचे साधन ओळखतो, तोच शब्द चूक, चेक, रस्ता, आगगाडी आणि विश्वासघात या साऱ्यांची कामे करीत हिंडतो. एखादा शब्द इतका कामकरी कसा बनतो, याचा मागोवा घ्यावा असे आम्हांला वाटले. तो घेताना एक दुसराच शब्द भेटला, आणि हा लेख खरे म्हणजे त्याच्यासाठी आहे.

सेमिनरीत लॅटिनची आमची जी थोडीफार ओळख झाली, तिच्या आधाराने आमचा समज असा होता की, लॅटिन ‘क्रुक्स’ रोमहून धर्मप्रसारकांबरोबर इंग्लंडात गेला आणि त्याचा ‘क्रॉस’ झाला. प्रत्यक्षात तसे घडले नाही. सन ५९७ मध्ये संत ऑगस्टिन (हिप्पोचे नव्हेत, कँटरबरीचे) इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या श्रोत्यांनी लॅटिन शब्द उचलला नाही. त्यांच्या स्वतःच्या भाषेत ‘रोड’ असा एक शब्द होता. त्याचा मूळ अर्थ वासा, काठी, खांब. त्याच शब्दाने ते क्रूसाला ओळखू लागले, आणि पुढे त्याचे रूप ‘रूड’ असे झाले. ‘झाड’ असेही ते क्रूसाला म्हणत, आणि ‘फाशीचा खांब’ असेही. आपल्या शेतात व अंगणात जे लाकूड होते, त्याचेच नाव त्यांनी प्रभूच्या लाकडाला दिले.

या ‘रूड’ शब्दाभोवती प्राचीन इंग्रजीतील एक अतिशय सुंदर काव्य उभे आहे. उत्तर इटलीतील व्हेर्चेल्ली येथील कॅथीड्रलमध्ये दहाव्या शतकातील एक हस्तलिखित जपून ठेवलेले आहे. त्यात हे काव्य आहे, आणि आज ते ‘रूडचे स्वप्न’ या नावाने ओळखले जाते. त्यात क्रूस स्वतः बोलतो. रानाच्या कडेला आपल्याला कसे तोडले, टेकडीवर कसे रोवले, आणि एक तरुण वीर स्वतःहून आपल्यावर चढत असताना वाकण्याचीही मुभा आपल्याला कशी नव्हती, हे ते झाड सांगते. याच काव्याशी जुळणाऱ्या काही ओळी स्कॉटलंडच्या दक्षिणेस रुथवेल या खेड्यातील आठव्या शतकाच्या दगडी क्रूसावर रून लिपीत कोरलेल्या आहेत. त्या दगडाकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

मग ‘क्रॉस’ आला कोठून? तो आला पश्चिमेकडून, समुद्रावरून. आयर्लंडमधील मठवासीयांनी लॅटिन शब्दाचा ‘क्रॉस’ केला होता. आयर्लंडच्या किनाऱ्यावर नॉर्स दर्यावर्दी वस्ती करून राहिले. आरंभी लुटारू, मग व्यापारी, आणि पुढे हळूहळू ख्रिस्ती. त्यांनी तो शब्द उचलला आणि दहाव्या शतकाच्या सुमारास आपल्या गलबतांतून उत्तर इंग्लंडात आणला. या मंडळींमध्ये एक मजेशीर प्रघात होता. ख्रिस्ती लोकांशी देवघेव करावयाची असेल, तर स्नानसंस्कार न घेता केवळ अंगावर क्रूसाची खूण करून घ्यायची. म्हणजे ख्रिस्ती व्यापारीही खूश आणि जुने देवही नाराज नाहीत! एखाद्या धर्मगुरूने हे वाचून कपाळाला हात लावावा; पण शब्दाच्या पुढील चरित्राची चाहूल येथेच लागते. ‘क्रॉस’ जन्मापासूनच बाजारात ऊठबस असलेला शब्द आहे. लिव्हरपूलजवळच्या क्रॉसबी गावाच्या नावात तो अजून आहे. त्या नॉर्स नावाचा अर्थच ‘क्रूसांचे गाव’. कंब्रिया परगण्यातील गॉसफर्थ येथे दहाव्या शतकातील चार मीटरांहून उंच क्रूस आजही उभा आहे, आणि त्याच्यावर प्रभूच्या क्रूसमरणाच्या चित्राशेजारी नॉर्स पुराणकथांतील प्रसंगही कोरलेले आहेत.

एकाच वस्तूला दोन शब्द, म्हणजे घरात दोन जावा. (तिसराही एक होता, ‘क्राउच’. लंडनच्या मनोऱ्याजवळ ‘क्रच्ड फ्रायर्स’ नावाची गल्ली आहे. ते लंगडे साधू नव्हेत. क्रूस धारण करणारे व्रतस्थ होते.) दोघींनी हळूहळू घर वाटून घेतले. क्रॉस बाहेर राहिला: चव्हाट्यावर, बाजारपेठेत, वेशीवर, दफनभूमीत. रूड आत गेला. मध्ययुगीन इंग्लंडातील प्रत्येक धर्मग्रामाच्या मंदिरात भाविकांची जागा आणि वेदीचे गर्भगृह यांच्या मधोमध एक नक्षीदार लाकडी पडदा असे. त्यावर एक माळा, आणि माळ्यावर प्रभूची क्रूसावरील मोठी मूर्ती, एका बाजूस पवित्र मरिया व दुसऱ्या बाजूस संत योहान. हाच ‘रूड’. मिस्सासाठी येणाऱ्या शेतकऱ्याची दृष्टी वर गेली की प्रथम तेथेच थांबे. त्यापुढे दिवे तेवत, आणि त्या दिव्यांच्या मेणासाठी गावातील तरुण मुले-मुली वर्गणी जमवीत.

मग १५४७ साल उजाडले. आठवा हेन्री जानेवारीत मरण पावला, नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला आणि त्याच्या सल्लागारांनी मूर्ती हटविण्याचे हुकूम काढले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या संत पॉल कॅथीड्रलमधील रूड रात्रीच्या वेळी पाडण्यात आला. गावोगावचे रूड त्यामागून खाली आले. १५५३ साली मेरी राणी झाली, तेव्हा ते पुन्हा उभे करण्यात आले. १५५९ मध्ये, एलिझाबेथच्या कारकिर्दीत, ते पुन्हा पाडण्यात आले. आणि १५६१ च्या हुकमाने माळेही उतरविले गेले. बारा-चौदा वर्षांत पाडणे, उभारणे आणि पुन्हा पाडणे.

राजाज्ञांच्या या यादीत सामान्य धर्मग्रामाचे काय झाले हे सहसा कळत नाही. एका गावाचे मात्र कळते. डेव्हन परगण्यातील मोरबाथ हे तीस-पस्तीस कुटुंबांचे, मेंढ्या पाळणारे गाव. तेथे सर क्रिस्तोफर ट्रिकी नावाचे धर्मगुरू १५२० मध्ये आले आणि १५७४ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिले. (‘सर’ ही तेव्हा साध्या धर्मगुरूंची उपाधी होती.) देवळाच्या जमाखर्चाच्या वह्या त्यांनी स्वतः लिहिल्या व वाचूनही दाखविल्या. इतिहासकार एमन डफी यांनी त्या वह्यांवरून २००१ साली एक ग्रंथ लिहिला. तो वाचताना, आमच्या कार्यालयातील जमाखर्चाच्या फायलींकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली हे कबूल केले पाहिजे. मृतांच्या मिस्सासाठी काळी उपासनावस्त्रे घ्यावीत म्हणून ट्रिकी वीस वर्षे पै-पै साठवीत होते. ती वस्त्रे अखेर १५४७ मध्ये गावात आली, आणि लवकरच ती वापरण्याची सोय उरली नाही. १५४९ मध्ये पश्चिमेकडील परगण्यांनी नव्या उपासनेविरुद्ध बंड केले. डफी यांच्या वाचनानुसार या छोट्या गावाने आपले पाच तरुण खर्चीपाणी देऊन बंडखोरांच्या छावणीत धाडले होते. त्यांतील किती परतले याचा विचार करून पानावरची नजर उचलावी लागते.

मेरीच्या काळातील नोंद आम्ही पुनःपुन्हा वाचली. रूडसंबंधीच्या ज्या वस्तू मोडून विकल्या गेल्या किंवा नाहीशा झाल्या असे वरिष्ठांना वाटत होते, त्यांतील कितीतरी गावकऱ्यांनी घरांत दडवून ठेवल्या होत्या. कोणाकडे चित्रफळी होती, कोणाकडे ग्रंथ, कोणाकडे माळ्याचे तुकडे. त्यांनी त्या परत आणून दिल्या, आणि ट्रिकींनी खऱ्या श्रद्धावान माणसांचे काम म्हणून ते नोंदविले. सहा वर्षांनी पुन्हा सारे गेले. ट्रिकी तेथेच राहिले, नव्या पुस्तकातून नवी उपासना करीत. त्यांना भित्रे म्हणणारे म्हणोत. ज्याने एका गावातील दोन पिढ्यांना स्नानसंस्कार दिला आणि पुरले, त्याला गाव सोडून जाता येत नाही, एवढे आम्ही स्वतःच्या अनुभवाने सांगू शकतो.

याच वर्षांत विल्टशायर परगण्यातील बुश्टन गावी एक मुलगा वाढत होता. त्याचा जन्म १५४९ च्या सुमाराचा. म्हणजे रूड पुन्हा उभारले गेले तेव्हा तो रांगण्या-चालण्याच्या वयाचा, आणि पुन्हा पाडले गेले तेव्हा दहा वर्षांचा असणार. पुढे तो देश सोडून रोमला गेला, येशूसंघात दाखल झाला, आणि १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याच्या धक्क्यावर उतरला. वाचकांनी ओळखले असेलच: हे ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स. ज्या भाषेत त्यांनी बालपणी क्रूसाचे नाव ऐकले, त्या भाषेत मोठा ग्रंथ लिहिणे त्यांच्या वाट्यास आले नाही. त्यांनी प्रभूचे दुःखसहन मराठी ओव्यांत सांगितले.

रूड गेला तसा शब्दही खंगला. आम्ही अतिशयोक्ती करू इच्छित नाही: ‘क्रॉस’ त्याआधीच बळावला होता. पण रूडला राहावयास एकच घर होते, आणि ते घर पाडले गेले. शेक्सपिअरच्या पात्रांच्या तोंडी ‘रूडची शपथ’ आढळते, ती वडीलधाऱ्यांची सवय म्हणून. आज इंग्लंडमधील शाळकरी मुलाला रूड म्हणजे काय विचारले तर तो ‘उद्धट’ असे सांगेल, कारण उच्चार तोच. एडिंबरोच्या होलीरूड या नावात तो शिल्लक आहे. ११२८ साली स्थापन झालेल्या मठाचे ते नाव आता स्कॉटलंडच्या संसदेला चिकटले आहे. आणि तो शिल्लक आहे जुन्या जमिनीच्या दस्तांत. रूड म्हणजे एकराचा चौथा हिस्सा, आपले बरोबर दहा गुंठे. वासा या मूळ अर्थाकडून जमीन मोजण्याच्या काठीकडे, आणि काठीकडून क्षेत्रफळाकडे.

बाहेरच्या क्रॉसलाही सुखाने जगू दिले गेले नाही. बॅनबरीचा क्रॉस कडव्या सुधारकांनी १६०० मध्ये फोडला. लंडनच्या चीपसाइडचा १६४३ मध्ये पाडला. १२९० साली राणी एलिनॉर वारली, तेव्हा तिची शवयात्रा जेथे जेथे रात्री थांबली तेथे तेथे पहिल्या एडवर्डने क्रूस उभारले. ते बारा होते. आज तीन उरले आहेत. शेवटचा, चेअरिंग येथील, १६४७ मध्ये संसदेच्या आज्ञेने जमीनदोस्त झाला. परंतु येथे रूडच्या उलट घडले. दगड गेला, नाव हलले नाही. ‘क्रॉसपाशी भेटू’, ‘क्रॉसवर मासळी स्वस्त आहे’ असे म्हणणाऱ्या माणसांच्या जिभेवर हुकूम चालविणे कोणत्याही संसदेला जमत नाही. चेअरिंग क्रॉस आज रेल्वेचे गजबजलेले स्थानक आहे, लंडनपासूनची अंतरे त्या नाहीशा झालेल्या क्रूसाच्या जागेपासून मोजतात, आणि बॅनबरीच्या क्रॉसचे बालगीत आपल्या इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीतही म्हटले जाते. (किंग्ज क्रॉसचा मात्र क्रूसाशी संबंध नाही. तेथे चौथ्या जॉर्जचे एक बेढब स्मारक होते. ते १८४५ मध्ये पाडले, आणि कोणी हळहळले नाही.)

चव्हाट्यावर राहिलेल्या शब्दाला मग कामे मिळत गेली. क्रूसाची आडवी दांडी उभीला छेदते, म्हणून छेदणे, ओलांडणे, आडवे जाणे हे सारे ‘क्रॉस’. ‘अक्रॉस’ म्हणजे मुळात ‘क्रूसाच्या आकारात’. गलबताला आडवा येणारा वारा क्रॉस; त्यावरून सतराव्या शतकात आडवा, चिडका स्वभावही क्रॉस. उलटतपासणी ती क्रॉस. मुलांच्या अक्षरपाटीवर वर्णमालेच्या आधी क्रूसाची खूण असे, आणि मूल प्रथम ‘ख्रिस्ताचा क्रूस’ म्हणून मग अक्षरे म्हणे. त्याच शब्दांचा झिजून ‘क्रिसक्रॉस’ झाला, म्हणजे वेड्यावाकड्या रेघोट्या. लिहिता न येणारा शेतकरी दस्तावर फुली मारी, ती क्रूसाची खूण म्हणून, शपथेसारखी. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर कुणबी ‘निशाणी नांगर’ करीत, तसेच हे. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये ‘वर्ड-क्रॉस’ नावाचे कोडे छापले. काही आठवड्यांनी छापखान्यात शब्द उलटे जुळले गेले आणि साऱ्या जगाला ‘क्रॉसवर्ड’ मिळाले.

चेकचे तर फारच गमतीचे. १८८१ च्या आपल्या कायद्यानुसार क्रॉस म्हणजे दोन समांतर तिरप्या रेघा. समांतर रेघा एकमेकींना कधीच छेदत नाहीत. तेथे क्रूसाचा आकारही उरला नाही, केवळ ‘आडवे’ एवढा अर्थ उरला. आणि येथे रुथवेल आठवते. तेथील क्रूस १६४० नंतरच्या मूर्तिभंजनात फोडला गेला आणि त्याचे तुकडे मातीत पडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील पाळक हेन्री डंकन यांनी ते तुकडे गोळा करून जुळविले आणि १८२३ मध्ये क्रूस पुन्हा उभा केला. ते कॅथलिक नव्हते, प्रेस्बिटेरियन होते. याच डंकन यांनी १८१० मध्ये त्याच खेड्यात गरिबांसाठी बचत बँक काढली, जी आधुनिक बचत बँकांची जननी मानली जाते. ‘रूडचे स्वप्न’ दगडातून उठविणारा आणि मजुराची पै बँकेत ठेवविणारा माणूस एकच असावा, हे आम्हांला मोठे गोड वाटले.

आणखी एक क्रॉस आपल्या मातीतला. १८५६ मध्ये सुरू झालेला व्हिक्टोरिया क्रॉस दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन मराठी जवानांना इटलीच्या भूमीवरील पराक्रमासाठी मिळाला: यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये, मरणोत्तर, नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये. त्या पदकाचा आकार क्रूसाचाच. घाडगे यांचे स्मारक रायगड जिल्ह्यात माणगावला आहे.

आता आपल्या दोन जावांकडे. मराठीतला ‘क्रूस’ पोर्तुगिजांच्या गलबतातून आला, ‘क्रॉस’ इंग्रजांच्या आगगाडीतून. माहेर दोघींचे एकच, लॅटिन ‘क्रुक्स’. आपणही घर वाटून दिले आहे: क्रूस प्रार्थनेत, क्रॉस बँकेत. आमच्या वर्गातील मुलांनी क्रूसाला बाहेरच्या खोलीतून बोलावलेच नाही, तेव्हा आम्हांला रूडची आठवण होऊन धास्ती वाटली. प्रार्थनेत तो सुरक्षित आहे असे कोणी म्हणेल. रूडही प्रार्थनेतच होता.

परवा संध्याकाळी एका आजारी आजींना पवित्र कम्युनियन देऊन आम्ही स्टेशनबाहेर रिक्षात बसलो. आमच्या आधी पाटी घेतलेली एक मासळीवाली बसली होती. जुना दगडी क्रूस आहे त्या नाक्यावर तिला उतरावयाचे होते. रिक्षावाला उत्तर प्रदेशातून आलेला, कपाळावर गंध लावलेला तरुण. ती काही बोलण्याआधीच त्याने आरशातून पाहून विचारले, ‘मौसी, क्रूस पे ना?’